शाळेतली पुस्तके झिजू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस म्हणजे 15 ऑक्टोबर हा दिवस 2015 पासून आपले राज्य वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करते. अलीकडे त्याला महावाचन उत्सवाची जोड मिळाली. मुलांनी पुस्तक वाचावे, त्यावर लिहावे आणि ते पोर्टलवर नोंदवावे, असे त्याचे स्वरूप होते. या उपक्रमांमागची कळकळ खरी आहे आणि सरकारला मुलांच्या वाचनाची चिंता वाटते ही समाधानाची गोष्ट आहे. पण वाचनाची सवय एका दिवसाने किंवा एका मोहिमेने लागत नाही. दर आठवड्याला नवे पुस्तक हाती येते, ते घरी नेता येते, आवडले नाही तर बदलून मिळते, तेव्हा ती लागते. अनेक शाळांत हे घडत नाही आणि त्याचे मोठे कारण आपल्या खात्याच्या कारभारात आहे. ते दूर करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

कायद्याची उणीव नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. रक्कम थोडी असली तरी दरवर्षी शे-पन्नास चांगली बालपुस्तके त्यात येऊ शकतात. मराठीत ती आहेतही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तके आहेत आणि 1971 पासून बालभारती काढत असलेले ‘किशोर’ मासिक तर सरकारचेच आहे. म्हणजे पुस्तक शाळेच्या दारापर्यंत येते. अडते ते त्यापुढे.

पुस्तक शाळेत आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक आणि किंमत मिळते. त्या क्षणापासून ते सरकारी मालमत्ता होते. शिक्षकाची बदली झाली की पदभार देताना पुस्तके मोजून द्यावी लागतात आणि कमी भरली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. फाटलेले पुस्तक यादीतून काढायचे तर निर्लेखनाची प्रक्रिया आहे आणि चाळीस रुपयांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी तिच्या वाटेला कोण जाणार? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नाही. हा सगळा व्याप वर्गशिक्षकाने शिकवून उरलेल्या वेळात सांभाळायचा. दुसरीकडे यूडायस या शाळांच्या माहिती-प्रणालीत ग्रंथालय आहे का, पुस्तके किती आहेत, हे भरावे लागते. त्यांतली किती पुस्तके मुलांनी घरी नेली, याला फारसे महत्त्व मिळत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावील. त्यात शिक्षकाचा आळस नाही. पुस्तक जपले तर शाबासकी आणि वापरले तर जोखीम, हा हिशेब आपण त्याच्यापुढे मांडला आहे. पुस्तके वापरासाठी असतात, हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये आपल्या पाच सूत्रांतले पहिले सूत्र म्हणून मांडले. आपल्या नोंदवह्या अजून त्याच्या उलट दिशेने चालतात.

ग्रंथालयाने खरोखर फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ नाही. कर्नाटकात अक्षरा फाउंडेशनने चालवलेल्या शालेय ग्रंथालयांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, तेव्हा सोळा महिन्यांनंतरही मुलांच्या भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. उलट फिलिपिन्सच्या टार्लाक प्रांतातल्या शंभर शाळांमध्ये झालेल्या अभ्यासात चौथीच्या वर्गांना वयाला साजेशी पुस्तके दिली, शिक्षकांना थोडे प्रशिक्षण दिले आणि एकतीस दिवस वर्गातच रोज वाचनाला वेळ राखून ठेवला. तिथे मुलांचे वाचन सुधारले. मोहीम संपल्यावरही ती इतर मुलांपेक्षा अधिक पुस्तके वाचत राहिली, मात्र गुणांतला फायदा पुढच्या काही महिन्यांत ओसरत गेला. या दोन्ही अभ्यासांतून मी एवढेच घेतो की ग्रंथालय उभे केले म्हणजे काम झाले असे नाही, आणि मोहीम यशस्वी झाली तरी ती थांबल्यावर तिचा जोर कमी होतो. पुस्तक, वेळापत्रकातला तास आणि जाणता शिक्षक या तिन्ही गोष्टी वर्षभर एकत्र असल्या तरच पुढची आशा धरता येते.

यावर पहिला आक्षेप येईल की मुलांना धड वाचताच येत नाही, तिथे ग्रंथालय काय करणार? ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2022 आणि 2024 च्या पाहण्यांत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, हे खरे आहे. पण वाचता येणे आणि वाचत राहणे यांची वाट वेगळी नाही. अडखळणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचा, पानावर दोन ओळी आणि मोठे चित्र असलेला मजकूर हवा असतो आणि तो याच कपाटात असतो. शिक्षकाने गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली तर न वाचणारे मूलही पुस्तकाजवळ येते. पालघर जिल्ह्यात क्वेस्ट आणि गोव्यात बुकवर्म या संस्था शाळांमध्ये असेच काम करत आहेत.

दुसरा आक्षेप जनतेच्या पैशाचा. पुस्तके हरवतील, फाटतील, हे मान्य. पण कपाटात वाळवी लागलेल्या पुस्तकावरचा पैसा पूर्ण वाया जातो, तर वीस मुलांच्या हाताळणीने सुटलेल्या पुस्तकाचा वसूल होतो. तिसरी शंका अधिक गंभीर आहे: किती पुस्तके घरी गेली याचे आकडे शाळांकडून मागितले तर खोटे आकडे येतील. म्हणूनच त्या आकड्यांवर शाळांची क्रमवारी लावू नये, बक्षिसे देऊ नयेत. केंद्रप्रमुखाने भेटीत चार मुलांना ‘सध्या काय वाचतोस?’ एवढे विचारले तरी खरे काय ते कळते. राहिला मोबाइलवरच्या पुस्तकांचा पर्याय. जुने ‘किशोर’ अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात, हे उत्तमच आहे. पण जिथे घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जातो, तिथे मुलाला कागदी पुस्तकच हवे.

म्हणून मागणी चार गोष्टींची. एक, शालेय ग्रंथालयातली दरवर्षी ठरावीक टक्के पुस्तके वापराने गेली असे धरून मुख्याध्यापकाच्या सहीने ती वजा करण्याची मुभा देणारा शासन निर्णय काढावा आणि त्यासाठी शिक्षकाकडून वसुली होणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. दोन, पहिलीपासून प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्याला किमान दोन वाचनतास असावेत. त्यांत परीक्षा, प्रकल्प किंवा सक्तीचा सारांश नसावा. तीन, प्रत्येक केंद्रात निदान एका शिक्षकाला बालसाहित्य आणि ग्रंथालयाचे प्रशिक्षण द्यावे आणि त्या बदल्यात त्याचे इतर अशैक्षणिक काम कमी करावे. चार, पुस्तकांची निवड शिक्षक आणि मुलांच्या सल्ल्याने व्हावी, म्हणजे अनुदान न वाचल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत जाणार नाही.

यांतल्या पहिल्या मागणीला जवळजवळ खर्च नाही. तिला फक्त शिक्षकावर विश्वास टाकण्याची तयारी लागते. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी हा एक शासन निर्णय निघाला, तर वाचन प्रेरणा दिनाच्या अहवालात किती शाळांनी तो साजरा केला याऐवजी किती पुस्तके वापरून संपली, हे आपल्याला अभिमानाने सांगता येईल. तो आकडा दरवर्षी वाढावा, अशी इच्छा धरणारे खाते महाराष्ट्राला हवे आहे.

आपला विश्वासू,
मराठी शाळांचा एक हितचिंतक