आरओ लावला, झालं?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये पाण्याचा विषय निघाला. एक मित्र, राहणार विरार वेस्ट, टॉवरमध्ये एकोणिसावा मजला. म्हणाला, "अरे आरओ लावलाय ना, टँकरचं येऊ दे नाहीतर गटाराचं, आपल्याला काय फरक पडतो?" सगळे हसले. मीपण हसलो. मग विरार फास्टमध्ये दीड तास लोंबकळताना डोकं भणभणायला लागलं. म्हणून आजचा शनिवार या विषयाला.

तर मंडळी, तो टँकर भरतो कुठे?

माझं आजोळ निर्मळच्या पट्ट्यात. आजीची वाडी म्हणजे केळी, पानवेल, थोडी फुलझाडं, एक विहीर आणि विहिरीला लागून बावखल. बोरिवलीच्या पुढे कधी न आलेल्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे माणसांनी हाताने खणलेलं छोटं तळं. पावसाळ्यात तुडुंब भरायचं, मग हळूहळू जमिनीत मुरायचं, आणि शेजारच्या विहिरी मेपर्यंत गोड राहायच्या. वसईच्या पश्चिमेच्या गावांत अशी कितीतरी होती. आता बऱ्याच ठिकाणी त्यांच्यात डेब्रिज पडलंय आणि डेब्रिजवर प्लॉट. बिल्डरच्या भाषेत ते 'डबकं' असतं.

यामागचं फिजिक्स एकदम साधं आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून किनारपट्टीत ते जमिनीखाली खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत खारं पाणी दाबलेलं राहतं. उलटा हिशेब करा. वर एक फूट उपसलं, की खालून खारं चाळीस फूट चढायला मोकळं. बावखल ही पातळी भरत होती. आपण तिच्यात भराव टाकला, वर टँकरला मोटर लावून उपसा चालू केला. विहीर मचूळ झाली, पाण्याचा टीडीएस वाढला, म्हणून आपण आरओ घेतला, आणि तो आरओ एक लिटर प्यायला देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ते भरून काढायला? अजून एक टँकर! असला इन्फिनिट लूप माझ्या कोडमध्ये सापडला असता तर टीम लीडने जिवंत सोडलं नसतं :)

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या गावकऱ्यांनी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने, 'हरित वसई'ची चळवळ उभी केली, तेव्हाही टँकरवाल्यांचा उपसा हाच मोठा मुद्दा होता. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, त्यात रोज टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांचे ग्रुपही होते. असो.

आता दुसरा मुद्दा, खाऱ्यापेक्षा वाईट. मैला.

ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकणं, नंतर क्लोरीन उरलाय का ते तपासणं हे त्याचं काम. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. कागदी कारभार म्हणा, पण लाल कार्ड आलं की सरपंचाला गावात तोंड दाखवायची चोरी. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांनी विरोध केला, आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. ते राजकारण बाजूला ठेवू. पण कार्डाची पद्धत ग्रामपंचायतीची. गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत संपली, आणि तिच्याबरोबर कार्डही. विहीर मात्र आहे तिथेच आहे. आणि तिच्या आजूबाजूला आता चाळी आणि चार मजली इमारती, प्रत्येकीचा शोषखड्डा. विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हा जुना ठोकताळा. मामाच्या विहिरीपासून मी पावलं मोजली. अकरा.

मामा म्हणाला, "अरे बाळा, पाणी तर काचेसारखं दिसतंय." हाच तर घोटाळा आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की १०० मिली पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही. मी नमुना लॅबमध्ये दिला. रिपोर्ट काय आला ते तुम्ही ओळखलं असेलच.

"सूर्याचं पाणी आलं ना आता" असं म्हणणारे भेटतात. आलंय, आनंद आहे. नव्या योजनेच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरमध्ये आपला वाटा १८५, आणि २०२३ च्या अखेरीस ते सुरूही झालं. पण धामणी धरणातून येणारी पाइपलाइन फुटली की आपण पुन्हा विहिरीकडे आणि टँकरकडेच धावणार ना? बॅकअप सर्व्हर करप्ट होऊ द्यायचा, कारण मेन सर्व्हर सध्या चालू आहे? इंजिनियर म्हणवतो आपण.

बावखलं बरीचशी खाजगी मालकीची आहेत, हे मला माहीत आहे. गुंठ्याचा भाव बघता मालकाला "विकू नका हं" असं एकोणिसाव्या मजल्यावरून सांगणं म्हणजे निव्वळ चोंबडेपणा. मग पैसे द्या. जो बावखल राखतो त्याला घरपट्टीत सूट द्या, गाळ काढायला मदत द्या. आणि टँकरचं पाणी घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीने पाणी कुठल्या विहिरीचं आणि शेवटची तपासणी कधी, हे दोन प्रश्न लेखी विचारायला काय जातं? पार्किंगच्या रेषांवरून आपण एजीएममध्ये तीन तास भांडतो. आमच्या सोसायटीत मी विचारले. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला काही त्रास झाला का?" झाला नाही, म्हणून विषय संपला.

मामाला टीसीएलचा हिशेब करून दिलाय. विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर ७० ग्रॅम. आतापर्यंत तो मूठ भरून टाकत होता, अंदाजपंचे. उद्या रविवारी जातोय, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन. आईला अजून सांगितलेलं नाही.