भौतिकशास्त्राचा शिक्षक कोठे मिळेल?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि त्याच संध्याकाळी तालुक्याच्या गावातील घराघरांतून एक प्रश्न विचारला जाऊ लागतो: फिजिक्सला मास्तर कोण? गणिताला कोणीतरी मिळतो, रसायनशास्त्र पाठांतराने निभावून नेता येईल अशी समजूत असते, जीवशास्त्राची फारशी धास्ती कोणाला नसते. भौतिकशास्त्र समजावून देणारा माणूस सापडला नाही, तर मात्र मुलीचे डॉक्टर होणे किंवा मुलाचे इंजिनिअर होणे तेथेच संपले, असे आईबाप धरून चालतात. एस. टी.चा वाहक, अंगणवाडीची सेविका, चार एकर कोरडवाहू जमिनीचा धनी, सारेच या शोधाला लागतात. कोणी शेजारच्या गावातील निवृत्त प्राध्यापकाचा पत्ता देतो, कोणी लातूरला खोली घेऊन राहण्याचा सल्ला देतो, कोणी थेट कोट्याचे नाव घेतो. गावात कनिष्ठ महाविद्यालय असते, त्याला विज्ञान शाखा असते, कागदोपत्री भौतिकशास्त्राचा शिक्षकही असतो. त्याचे नाव मात्र या शोधात कोणी घेत नाही.

ते का घेतले जात नाही, हाच या प्रश्नाचा गाभा आहे. खाजगी शिकवणीची चर्चा आपल्याकडे बहुधा पालकांची हाव आणि क्लासचालकांची नफेखोरी या दोन शब्दांत आटोपली जाते. नफेखोरी आहे यात शंका नाही. पण आपल्या मुलीला विषय कळावा असे वाटणाऱ्या बापाला हावरा म्हणणे हा अन्याय आहे. तो बाजारात गेला, कारण जी गोष्ट त्याला सार्वजनिक वर्गात मिळावयास हवी होती ती तेथे उरलेली नाही.

हा शोध नेमका भौतिकशास्त्रासाठीच इतका कासावीस का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. बारावीच्या राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण परिवलनगतीचे आहे. घाटात एस. टी. वळते तेव्हा प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकला जातो. त्याला ढकलणारे बळ खरे की भासमान? रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते का दिसत नाही? या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते, पण पाठ करून ते कळत नाही. विद्यार्थ्याने आधी चुकीचे उत्तर द्यावे, कोणीतरी ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि त्यातील चूक कोठे आहे हे त्याला स्वतःलाच शोधावयास लावावे, याखेरीज हा विषय अंगी लागत नाही. सूत्रे पुस्तकात आहेत आणि सोडविलेली उदाहरणे आता फुकट मिळतात. मिळत नाही तो चुकीचे उत्तर ऐकून घेणारा माणूस.

त्यात भाषेची अडचण वेगळीच. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द ओळखत असतात. अकरावीच्या पहिल्या दिवशी ते सारे शब्द नाहीसे होतात. विज्ञान शाखेचे अध्यापन आजही जवळजवळ सर्वत्र इंग्रजीतून चालते. ज्या कल्पना मुलीला कालपर्यंत कळत होत्या, त्याच आज तिला परक्या वाटू लागतात आणि आपणच मठ्ठ आहोत असे ती समजू लागते. अशा वेळी शिकवणीचा मास्तर अर्धा शिक्षक आणि अर्धा दुभाषी असतो. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीतून देण्याची सोय आहे. पण ज्या दोन वर्षांत तिची तयारी व्हावयाची, ती वर्षे मराठीतून शिकण्याची सोय जवळजवळ नाही.

ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. ती धोरणाने आणली गेली. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि शिक्षण ही विकत देण्याची वस्तू आहे ही कल्पना प्रतिष्ठित झाली. २००१ साली नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ या अटीवर मान्यता देण्याचे धोरण आले. २००९ साली त्यातील ‘कायम’ हा शब्द काढला गेला, तरी टप्प्याटप्प्याच्या अनुदानासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले. मंजूर पदे रिकामी ठेवावयाची आणि तासिका तत्त्वावर एम. एस्सी. झालेल्या तरुणाला वेठीस धरावयाचे, ही रीत रूढ झाली. सार्वजनिक विद्यापीठात, लोकांच्या पैशातून शिकलेला हा तरुण एक-दोन वर्षे तासिकेवर काढतो आणि मग क्लासच्या दारात उभा राहतो. तेथे त्याच विषयाचे त्याला कितीतरी पट पैसे मिळतात. त्याला दोष देता येत नाही. ज्या समाजाने आपला शिक्षक तासावर लावला, त्याला तो शिक्षक टिकून राहावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार नाही.

दुसरा घाव परीक्षापद्धतीने घातला. २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वर ठरू लागले. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले. राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ‘नीट’मध्ये १८० गुणांचे भौतिकशास्त्र आहे, पण प्रयोगशाळेतील कामाला त्यात एक गुणही नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. प्रयोगशाळेला कुलूप लागले, मीटर ब्रिज आणि सोनोमीटर कपाटात धूळ खात राहिले, जर्नले एकमेकांची पाहून लिहिली जाऊ लागली. महाविद्यालय आणि क्लास यांच्या भागीदारीतून ‘इंटिग्रेटेड’ नावाची व्यवस्था निघाली: प्रवेश महाविद्यालयात, हजेरी कागदावर आणि शिक्षण क्लासमध्ये. ती रोखण्यासाठी २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली. परंतु अंगठा उमटविल्याने शिक्षण होत नाही. वर्गात शिकवणारा नसेल, तर हजेरी लावून विद्यार्थ्याने तेथे करावयाचे काय, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते.

या व्यवस्थेची किंमत कोण भरतो? केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ साली केलेल्या पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरात हे प्रमाण अधिक, खेड्यात थोडे कमी. खर्चाच्या बाबतीत मात्र शहर आणि खेडे यांत दुपटीहून अधिक अंतर आहे. मोठ्या शहरांतील नामांकित क्लासची दोन वर्षांची फी लाखांच्या घरात जाते आणि खोलीभाडे व खाणावळ त्याहून वेगळी. त्यावर कळस असा की, अशा क्लासच्या फीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. जे शिक्षण शासनाने द्यावयास हवे होते, ते बाजारातून विकत घेताना शेतकऱ्याने पुन्हा शासनालाच कर भरावयाचा! १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवून दिले होते की, सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. त्या निवेदनाला १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. रयत आता दुहेरी भरणा करते आहे, एवढाच फरक.

आणि एवढे मोजून हाती काय येते? २०२४ च्या ‘नीट’मध्ये सुरुवातीला ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी ४४ जणांचे पूर्ण गुण भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नामुळे होते. प्रश्न अणूच्या स्थिरतेचा होता. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत सर्व मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात अशा अर्थाचे विधान होते, नव्या आवृत्तीत ते सुधारले होते. म्हणून परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्ही उत्तरे बरोबर धरली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीच्या आय. आय. टी.तील तज्ज्ञांचा अभिप्राय मागवावा लागला आणि एकच उत्तर बरोबर ठरले. युरेनियमचा, रेडिअमचा अणू फुटतो, किरण बाहेर टाकतो, हे ज्या शास्त्राने जगाला शिकविले, त्या शास्त्राची परीक्षा कोणती आवृत्ती प्रमाण मानावी या वादावर आली. भौतिकशास्त्राची पोथी झाली आणि परीक्षा पाठभेदांची झाली. मोठ्या भावंडांची जुनी पुस्तके वापरणाऱ्या गरीब मुलांचा यात काही दोष नव्हता. पुस्तकातील वाक्य चुकीचे असू शकते, हे सांगणारा शिक्षक त्यांच्यापुढे नव्हता, हे त्यांचे दुर्दैव होते.

कोट्याची कहाणी याच वाटेवरची पुढची पायरी आहे. २०२३ या एका वर्षात त्या शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली: सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश नको, खोट्या जाहिराती नकोत. तत्त्वे योग्य आहेत; पण सोळावे वर्ष संपताच मुलाने जावयाचे कोठे, हा प्रश्न त्यांनी सोडविला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली, पण तो कायदा आठवीपाशी थांबतो. नुसती बंदी घातली की शिकवणी चोरून चालते आणि महाग होते, हा सर्वांचा अनुभव आहे. शिवाय क्लासमध्ये शिकविणाऱ्यांत विषयावर जीव असलेले, रात्री उशिरापर्यंत मुलांच्या शंका फेडणारे अनेक जण आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अशा माणसांना सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेत जागा उरली नाही, हे खरे दुखणे आहे.

हे असेच चालावयाचे असे नाही, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील साध्या ग्रामीण शाळांतून प्रयोगावर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले आणि ते पुढे हजारावर शाळांत पोहोचले. २००२ साली तेथील सरकारने ते बंद केले, हा राजकीय निर्णय होता; प्रयोग फसला म्हणून तो बंद पडला नाही. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात शाळांबरोबर काम केले. १९८० नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठी याच केंद्राने चालविलेल्या उपक्रमात दिसून आले की, या मुलांत बुद्धीची उणीव नव्हती, उणीव होती ती विषय समजावून देणाऱ्या माणसाची. प्रा. मधु दंडवते यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात वर्षानुवर्षे भौतिकशास्त्र शिकविले आणि १९७१ मध्ये तेथूनच ते लोकसभेत गेले. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा मुलांना हा विषय चांगल्या शिक्षकाकडून, सार्वजनिक वर्गात शिकता येणे, हा त्या संस्थेमागच्या स्वप्नाचा भाग होता. ती काही कोणावर केलेली कृपा नव्हती.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. विज्ञान शाखा असलेल्या प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पद पूर्णवेळ आणि पूर्ण वेतनावर भरले जावे; तासिका तत्त्व ही तात्पुरती सोय आहे, तिचे धोरण होऊ देऊ नये. प्रयोगशाळा रोज उघडी असावी आणि प्रात्यक्षिकाचे गुण खरोखरीच्या कामाला मिळावेत. प्रत्येक तालुक्यात सायंकाळी विनाशुल्क शंकानिरसनाचे वर्ग चालावेत. निवृत्त प्राध्यापकांना आणि एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन त्यात सामील करावे. अकरावीच्या मुलांच्या हाती मराठी आणि इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी देणारे पुस्तक पहिल्या दिवशी पडावे. व्यावसायिक प्रवेशात बारावीला पुन्हा वजन मिळावे. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतील मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. अशा उपायांचा विचार महाराष्ट्राने का करू नये? पैशाची सबब सांगितली जाईल. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे १९६६ साली ज्या आयोगाने सांगितले, त्याचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. तो आजवर एकदाही गाठला गेलेला नाही.

यात शासनाइतकीच जबाबदारी पुरोगामी म्हणविणाऱ्या शिक्षणसंस्थांचीही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचे, जोतीरावांचे फोटो कार्यालयात लावावयाचे आणि त्याच इमारतीचे वर्ग क्लासच्या भागीदारीत द्यावयाचे, हा दुटप्पीपणा समाजवादी विचार मानणाऱ्यांच्या हातूनही घडला आहे. इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी या संस्थांनी आपल्या प्रयोगशाळेचे कुलूप काढावे.

पुन्हा निकाल लागतील, पुन्हा एखादा वाहक आपल्या मुलीसाठी फिजिक्सच्या मास्तराचा पत्ता विचारीत फिरेल. गावातल्याच कनिष्ठ महाविद्यालयाकडे बोट दाखवून ‘तो तेथे आहे’ असे त्याला सांगता आले पाहिजे. जोवर तसे सांगता येत नाही, तोवर शिक्षणातील समान संधी हा शब्द निवडणुकीच्या जाहीरनाम्यात छापण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.