पॉइंट साचवू नका, सुट्टीला वापरा

ऑफिसच्या कामासाठी सतत बेंगळुरू-हैदराबादला जाणारा मुलगा, पुतणीच्या लग्नात पाहुण्यांसाठी हॉटेलात खोल्या घेणारे काका, घरखर्च सगळा क्रेडिट कार्डावर करणारी सून. आज कितीतरी मराठी घरांत अशा कुणाच्या ना कुणाच्या नावावर हॉटेलांचे पॉइंट पडून आहेत. घरातल्या इतरांना त्यांचा पत्ता नसतो. ज्याच्या नावावर आहेत तोही ‘एकदा मोठ्या सहलीला वापरू’ म्हणून बाजूला ठेवतो. मग कंपनीचा ईमेल येतो, तो जाहिरातींच्या गर्दीत हरवतो आणि पॉइंट संपतात. हे थांबावं म्हणून हा लेख.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. सुट्टी आधी ठरवा, पॉइंट नंतर बघा. पण पॉइंट हातात असतील आणि सुट्टी जवळ आली असेल, तर आणखी चांगल्या संधीची वाट बघत बसू नका.

बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं, पॉइंटवर काहीच मिळत नाही. उलट त्यांची किंमत कमी होत जाते. विमान कंपन्यांनी १९८१ च्या सुमारास प्रवाशांना धरून ठेवण्यासाठी ही पद्धत सुरू केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी ती उचलली. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही: पॉइंट देणारीही कंपनी आणि त्याचा भाव ठरवणारीही कंपनीच. पूर्वी मॅरियटचा तक्ता असायचा. अमुक दर्जाच्या हॉटेलला इतके पॉइंट, हे आधीच कळायचं. मार्च २०२२ मध्ये तो तक्ता गेला. हिल्टनने तर २०१७ मध्येच तो काढून टाकला होता. आता या दोन्ही ठिकाणी खोलीचा पॉइंटमधला दर मागणीप्रमाणे रोज वरखाली होतो. पाच वर्षं जपून ठेवलेल्या पॉइंटना पाच वर्षांनी तितक्याच रात्री मिळतील, याची हमी कुणीही देत नाही.

शिवाय मुदत असते. मॅरियट, हिल्टन आणि हयात यांच्या खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. आयएचजी या हॉटेल साखळीच्या साध्या सदस्यांना १२ महिने मिळतात, अकोर या साखळीत ३६५ दिवस. खातं जिवंत ठेवायला मुक्कामच करावा लागतो असं नाही. मॅरियटच्या भारतातल्या बऱ्याच हॉटेलांत नुसतं जेवायला गेलात आणि बिलाच्या वेळी सदस्य क्रमांक दिलात तरी पॉइंट जमा होतात आणि मुदत पुढे सरकते. म्हणून वाढदिवसाचं जेवण एरवीही अशा हॉटेलात करणार असाल, तर क्रमांक सांगायला विसरू नका. फक्त खातं जिवंत ठेवायचं म्हणून मात्र तिथे जेवायला जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे हिशोब. पॉइंट केव्हा द्यायचे आणि पैसे केव्हा, हे एका भागाकारात कळतं. त्याच हॉटेलची, त्याच तारखेची, त्याच प्रकारच्या खोलीची करासकट किंमत घ्या आणि तिला मागितलेल्या पॉइंटनी भागा. करासकट हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पॉइंटवर घेतलेल्या रात्रीला खोलीचा जीएसटी सहसा वेगळा भरावा लागत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते, पण ७,६०० ची खोली थेट ८,९६८ ला जाते. ही उडी ध्यानात ठेवा.

समजा, मे महिन्यातल्या एका शनिवारी महाबळेश्वरच्या हॉटेलात खोली ९,००० रुपयांना आहे. कर धरून १०,६२० रुपये. तीच खोली १५,००० पॉइंटना मिळते. एका पॉइंटला जवळपास ७१ पैसे पडले. आता तीच खोली जुलैतल्या एका मंगळवारी बघा: ५,५०० रुपये, करासह ५,७७५, आणि पॉइंट मागतात १२,५००. इथे एका पॉइंटला ४६ पैसेच आले. मेच्या शनिवारी पॉइंट द्या, जुलैच्या मंगळवारी पैसे द्या. पैसे देऊन राहिलात तर त्या मुक्कामाचे नवे पॉइंटही मिळतात, तो फायदा वेगळा. मॅरियटच्या पॉइंटला ६० ते ७० पैसे मिळत असतील तर मी ते खुशाल खर्च करावेत असं म्हणेन. ५० च्या खाली येत असतील तर थांबावं. हा माझा अंदाज आहे. तुमची गरज वेगळी असेल तर तुमचा आकडाही वेगळा असेल.

सगळ्यांचे पॉइंट सारखे नसतात, हेही इथेच सांगायला हवं. एक लाख हिल्टन पॉइंट आणि एक लाख हयात पॉइंट यांच्या किमतीत मोठी तफावत आहे. हयातचा एक पॉइंट बहुधा हिल्टनच्या दोन-तीन पॉइंटपेक्षा जड असतो. आकडा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. काही पॉइंटची किंमत तर ठरलेलीच असते. अकोरमध्ये २,००० पॉइंटना ४० युरोंची सूट मिळते, मग हॉटेल खोपोलीच्या इमॅजिकाजवळचं नोव्होटेल असो की पॅरिसमधलं. ताजच्या हॉटेलांत चालणारं टाटाचं एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. असे ठरलेल्या किमतीचे पॉइंट असतील तर तारीख शोधत बसण्यात अर्थ नाही. जिथे जायचंच आहे तिथे, पहिल्याच बिलात ते वळते करा. शहाणपणाने तारीख निवडायची ती ज्यांचा भाव हलतो अशा पॉइंटसाठी.

त्यासाठी जवळची, एक-दोन रात्रींची सुट्टी सगळ्यांत चांगली. व्यावसायिकांनी भरणारी शहरातली हॉटेलं शनिवार-रविवारी रिकामी असतात. डोंगरातली आणि समुद्रकाठची हॉटेलं सोमवार ते गुरुवार रिकामी असतात. नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला ज्या दिवशी गर्दी नाही तो दिवस साधला की कमी पॉइंटमध्ये काम होतं. तारीख ठरवताना तिथलं वेळापत्रकही बघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. पॉइंट वाचावेत म्हणून सोमवार-मंगळवार पकडलात तर लेण्यांच्या दारातून परत फिरावं लागेल. बुधवार-गुरुवार घ्या.

मोठ्या सुट्टीसाठी मॅरियटचा एक नियम फार उपयोगाचा आहे. एकाच हॉटेलात सलग पाच रात्री पूर्णपणे पॉइंटवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट द्यावे लागतात. ज्या रात्रीचे पॉइंट सर्वांत कमी, ती रात्र सुटते. यासाठी वरच्या दर्जाचं सदस्यत्व लागत नाही. वरच्याच भावाने मोजलं तर पाच रात्रींचे ५३,१०० रुपये ६०,००० पॉइंटमध्ये भागतात, म्हणजे एका पॉइंटला ८८ पैसे. हिल्टनमध्येही पाचवी रात्र सुटते, पण त्याला सिल्व्हर किंवा त्यावरचा दर्जा हवा. गोव्यात मिरामारला किंवा हणजुणेला चार रात्री राहायचा विचार असेल, तर पाचवी जोडून बघा. मात्र सुट्टीचा एक दिवस वाढवणं तुम्हाला खरंच शक्य असेल तरच. शाळा बुडवून पाचवी रात्र घेण्याची गरज नाही.

पॉइंटवरची रात्र म्हणजे सगळंच फुकट, हा समज घरातल्या प्रत्येकाच्या मनातून आधी काढून टाका. साध्या सदस्याला पॉइंटवरच्या खोलीत नाश्ता सहसा मिळत नाही. मोठ्या हॉटेलात माणशी हजाराच्या पुढे नाश्ता असतो. चौघांचा दोन दिवसांचा हिशोब करा. खोली दोन मोठ्यांची असते, आजी सोबत असली तर जादा खाटेचे पैसे रोख पडतात. हॉटेल गावाबाहेर असेल तर प्रत्येक जेवणाला एक तर टॅक्सी, नाही तर हॉटेलचंच जेवण. नाश्त्यासकट ४,००० रुपयांत मिळणारं गावातलं स्वच्छ हॉटेल किंवा कोकणातली घरगुती निवास-न्याहारी अशा वेळी कुटुंबाला जास्त सोयीची पडते. तिथे जाऊन ताजे मासे खाण्यात जो आनंद आहे तो पॉइंटच्या हट्टापायी सोडू नका.

पॉइंट जमवण्याबद्दल मी थोडंच सांगेन, कारण त्यासाठी वेगळं काही करावं असं मला वाटत नाही. जो मुक्काम होणारच आहे, त्याचे पॉइंट मात्र सोडू नका. खोली हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा फोनवरून घ्या. प्रवासाच्या इतर साइटवरून घेतलेल्या खोलीला मोठ्या साखळ्या बहुतेक वेळा पॉइंट देत नाहीत. अशा इतर साइटवर दर बराच कमी असेल तर पॉइंट विसरून तो घ्या. मॅरियटमध्ये तुम्ही स्वतः एका खोलीत राहत असाल आणि बिल तुम्हीच भरत असाल, तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट मिळतात. भावंडं मिळून सहलीला जाताना सगळ्या खोल्या एकाच्या नावावर घेणं त्यामुळे फायद्याचं ठरतं. लग्न किंवा मुंज हॉटेलात करणार असाल तर करारावर सही करण्याआधी विचारा: आयोजकाला पॉइंट मिळतात का, आणि कुणाच्या खात्यात? नंतर विचारून उपयोग होत नाही. ऑफिसच्या मुक्कामाचे पॉइंट स्वतः वापरण्याआधी कंपनीचा नियम काय आहे ते बघून घ्या.

क्रेडिट कार्डाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. भारतात कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० रुपये एक महिना थकले की दोन हजारांच्या पुढे भुर्दंड. तेवढ्या खर्चावर मिळणारे पॉइंट साधारण पाचशे ते हजार रुपयांचे. दर महिन्याला पूर्ण बिल भरणं ज्यांना जमत नाही, त्यांनी पॉइंटचं कार्ड घेऊच नये. आधी थकबाकी फेडा, पॉइंटचा विचार नंतर. ज्यांना पूर्ण बिल भरणं जमतं त्यांनीही फी आणि लाभ समोरासमोर मांडून बघावेत. २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने आणलेल्या मॅरियटच्या कार्डाचं उदाहरण घ्या. वर्षाला ३,००० रुपये फी, करासह ३,५४०, आणि त्याबदल्यात १५,००० पॉइंटपर्यंतची एक रात्र. ती रात्र वर्षाच्या आत वापरणार असाल तर व्यवहार चांगला. ‘बघू कधीतरी’ म्हणणाऱ्याचे ३,५४० गेलेच समजा. कार्डाचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात वळवले की परत येत नाहीत, म्हणून खोली दिसत असेल आणि तारीख पक्की असेल तेव्हाच वळवा. कंपन्या अधूनमधून पॉइंट सवलतीत विकतातही. ते परकीय चलनात घ्यावे लागतात, वर बँकेचा अधिभार. समोर ठरलेली खोली नसेल तर घेऊ नका.

फोनवरून ‘तुम्हाला मोफत मुक्काम लागला आहे’ असं सांगणारे, मॉलमध्ये जोडप्यांना बसवून हजारो रुपयांचं सदस्यत्व विकणारे यांचा हॉटेलांच्या पॉइंटशी संबंध जोडू नका. मोठ्या साखळ्यांचं पॉइंटचं सदस्यत्व मोफत असतं. ओटीपी आणि पासवर्ड कुणालाही सांगू नका. पॉइंटही चोरीला जातात.

घरात दोघा-तिघांची खाती असतील तर ती एकत्र आणायची सोय बघा. मॅरियटमध्ये वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट दुसऱ्या सदस्याला फुकट पाठवता येतात. खातं नवं असेल तर काही काळ थांबावं लागतं. हिल्टनमध्ये ११ जणांपर्यंत एकत्र जमवता येतात. खात्यांची आणि मुदतींची नोंद घरच्या वहीत लिहून ठेवा, विम्याच्या कागदांशेजारी.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी तर पॉइंट नक्की वापरावेत. पदवीदानाच्या आठवड्यात विद्यापीठाच्या गावातल्या हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात, आणि तो खर्च टाळता येत नाही. तारीख कळली त्याच दिवशी पॉइंटवर खोली धरून ठेवा. बहुतेक साखळ्या साधारण वर्षभर आधी खोल्या देतात. व्हिसा मिळाला नाही किंवा आजारपण आलं तर मुदतीत रद्द केल्यावर पॉइंट खात्यात परत येतात, म्हणून व्हिसाची वाट न बघता खोली घेता येते. मात्र ती मुदत प्रत्येक हॉटेलची वेगळी असते, कुठे एक दिवस आधी तर कुठे आठवडाभर आधी, आणि ती तिथल्या घड्याळाप्रमाणे मोजतात. घेतानाच ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.