मिनी कूपर एस: स्विफ्टएवढीच गाडी, मग ४५ लाख कशाचे?

मारुती स्विफ्टची लांबी ३,८६० मिलिमीटर. मिनी कूपर एसची ३,८७६. फरक फक्त १६ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा. तरी जुलै २०२४ मध्ये ही मिनी भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती ४४.९० लाख! शिवाय दारं दोनच आणि डिकी २१० लिटरची. स्विफ्टची डिकी २६५ लिटरची आहे.

मग पैसे जातात कुठे? बरेचसे करात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. पण पेट्रोल गाडीला 'छोटी' ठरायला चार मीटरच्या आतली लांबी पुरत नाही, इंजिनही १,२०० सीसीच्या आत लागतं. मिनीचं इंजिन दोन लिटरचं. त्यामुळे तिला ४० टक्के, म्हणजे मोठ्या एसयूव्हीएवढाच कर.

त्यात ही गाडी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डहून तयार होऊन येते. ४० हजार डॉलरच्या आतल्या आयात गाडीवर ७० टक्के सीमाशुल्क आहे, आणि जीएसटी लागतो तो हे शुल्क धरून. समजा गाडी बंदरात १५ लाखांना पडली. शुल्क धरून झाली २५.५ लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ३५.७ लाख. वाहतूक आणि डीलरचा नफा अजून बाकीच आहे.

उरलेले पैसे कळतात ते स्टीअरिंग हातात घेतल्यावर. २०४ हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, शंभरचा वेग ६.६ सेकंदांत. स्विफ्टची ताकद साधारण ८२ हॉर्सपॉवर. पण खरी गंमत वेगात नाही, वळणात आहे. गाडी बुटकी, चाकं चार कोपऱ्यांत, सस्पेन्शन कडक. स्टीअरिंग जरा फिरवलं की नाक लगेच वळतं आणि गाडी फारशी कलत नाही. हाच कडकपणा आपल्या स्पीडब्रेकरवर कमरेला कळतो. मागच्या सीटवर आईबाबांना बसवायचा विचार तर सोडाच.

म्हणूनच साधारण ५० लाखांत बीएमडब्ल्यू एक्स१ घेणारे जास्त. कंपनी तीच, कारण मिनी हा बीएमडब्ल्यूचाच ब्रँड. एक्स१ चेन्नईत जोडली जाते, म्हणून शुल्क कमी आणि त्याच पैशांत जागा जास्त. २०१३ मध्ये मर्सिडीज ए-क्लास आणि बीएमडब्ल्यू १ सिरीज या हॅचबॅक २०-२२ लाखांच्या आसपास आल्या होत्या. आज दोन्ही इथल्या शोरूममध्ये नाहीत. माझ्या मते १ सिरीजचं जाणं जास्त चटका लावणारं होतं, कारण मागच्या चाकांना ताकद देणारी हॅचबॅक पुन्हा मिळणं कठीण.

आता नजर भारत-ब्रिटन व्यापार करारावर. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या या करारात ठरावीक संख्येच्या ब्रिटिश गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. वरच्याच हिशेबात ७० च्या जागी १० धरा: ३५.७ लाखांची गाडी २३.१ लाखांवर येते. अर्थात, सगळी सूट ग्राहकापर्यंत पोहोचली तर.