झाडांचीं बदलतीं शास्त्रीय नांवें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या बांधावर मोहाचें एखादें तरी जुनें झाड असेल, आणि त्याच्या फांद्यांवर जाड पानांची, हवेंत मुळें सोडलेली एक वनस्पति वाढलेली असेल. उन्हाळ्यांत तिला पिवळट-तपकिरी, चौकटींची नक्षी असलेलीं सुवासिक फुलें येतात. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून कोयत्यानें छाटून टाकितात. वास्तविक ती बांडगुळाप्रमाणें झाडाचा रस शोषीत नाहीं, केवळ सालीचा आधार घेऊन राहते. ही आपल्याकडील ऑर्किड होय.

अशा ऑर्किडची लागवड हौसेनें वा विक्रीसाठीं करूं इच्छिणारास (जंगलांतून उपटून आणण्याची गोष्ट आम्ही बोलत नाहीं) पहिली अडचण येते ती नांवाची. आम्हांस एका रोपवाटिकेच्या यादींत ‘व्हँडा रॉक्सबर्घाय’ व ‘व्हँडा टेसेलाटा’ अशीं दोन नांवें निरनिराळ्या किंमतींसह आढळलीं. दोन जाती पदरीं पडतील या आशेनें आम्हीं दोन्ही मागविल्या. फुलें आलीं तेव्हां कळलें कीं, एकाच जातीचे आपण दोनदां पैसे मोजले!

याचें कारण असें. रॉक्सबर्ग यानें १७९५ सालीं या वनस्पतीचें वर्णन केलें तेव्हां फुलांवरील चौकटींवरून तीस ‘टेसेलाटा’ म्हटलें, परंतु त्या काळच्या समजुतीप्रमाणें एपिडेन्ड्रम या वंशांत घातलें. १८२० सालीं रॉबर्ट ब्राउन यानें तीस व्हँडा वंशांत आणून रॉक्सबर्गच्याच नांवें नवें नामकरण केलें. शास्त्राचा नियम असा कीं, जें विशेषण आधीं दिलें गेलें तें टिकावें. म्हणून आज व्हँडा टेसेलाटा हेंच नांव ग्राह्य आहे. गंमत ही कीं, व्हँडा हा शब्द आपल्याच संस्कृत ‘वंदा’ शब्दावरून घेतलेला आहे.

मोहाचेंही तसेंच. १८७४ सालचा ब्रँडिस साहेबांचा वनवृक्षांवरील ग्रंथ ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांस तेथें मोह ‘बासिया लॅटिफोलिया’ या नांवानें सांपडेल. परंतु बासिया हें नांव १७६६ सालींच एका निराळ्याच वनस्पतीस दिलेलें होतें. एका नांवाचे दोन धनी चालत नाहींत, म्हणून मोह ‘मधुका’ झाला, म्हणजे आपला मधूकच. पळसाच्या ‘फ्रॉन्डोसा’ची ‘मोनोस्पर्मा’ झाली तीही ज्येष्ठतेच्याच नियमानें.

हे फेरफार आम्हांस मान्य आहेत. त्यांत न्याय आहे. बाभळीच्या बाबतींत मात्र मन सहज वळत नाहीं. बाभूळ व खैर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या अकेशिया म्हणून ओळखले गेले. पुढें तो अवाढव्य वंश फोडावा लागला, आणि अकेशिया हें नांव कोणाकडे राहावें हा वाद २००५ सालीं व्हिएन्ना येथील व पुन्हा २०११ सालीं मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढें आला. ऑस्ट्रेलियांतील जाती संख्येनें फार, म्हणून नांव त्यांकडे गेलें. बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ व खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला. आतां रस्त्याकडेला लाविलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी अकेशिया, आणि आपली बाभूळ नव्हे! एखाद्यानें जुन्या पुस्तकावरून ‘अकेशिया’चें बीं मागविलें तर त्याच्या शेतांत काय उगवेल, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

कोणी म्हणेल, लॅटिन नांवांचा खटाटोप कशास, मराठी नांव पुरे आहे. पण तेंही पुरत नाहीं. ज्या व्हँडाविषयीं वर लिहिलें तिचींच मुळें बंगालकडे रास्ना म्हणून घेतात. दक्षिणेंत रास्ना म्हणजे आल्याच्या जातीचा कुलंजन. आणि आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशांत रास्ना म्हणजे ‘प्लुचिया लॅन्सिओलाटा’ हें तिसरेंच झुडूप. एका नांवानें तीन जिनसा विकल्या जात असतां, ज्यानें लागवड केली त्याचा माल व्यापाऱ्यानें नाकारला तर दाद कोठें मागावी?

यास्तव आमचें मत असें कीं, नव्या नांवांचा राग धरूं नये व जुनीं टाकूंही नयेत. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तरी त्या भागांतील घरोघरच्या जुन्या खतपत्रांवर ‘जिल्हा चांदा’ असेंच आहे. तीं कोणी जाळिलीं नाहींत, आणि त्यावांचून शेताचा मागही लागत नाहीं. रोपवाटिकांनीं आपल्या याद्यांत, तशीच वनखात्यानें रोपांच्या वांटपांत, नव्या नांवापुढें कंसांत जुनें नांव व त्यासमोर मराठी नांव छापावें, अशी मागणी आपल्या मंडळानें करावी. त्यांत छपाईची एखादी ओळ वाढेल, एवढेंच.

तोंवर प्रत्येकानें आपली वही ठेवावी. घरचें नांव, रोप ज्या नांवानें घेतलें तें, घेतल्याचें साल आणि कोणाकडून घेतलें तें लिहावें. फूल आल्यावर एक फूल पानासह कागदांत दाबून त्याच पानास चिकटवावें. झाडावरील पत्र्याच्या पाटीवर नवें नांव लिहितांना जुनें खोडूं नये, त्याच्याखालीं लिहावें.