घाटाची राणी नको, टोकनवर बाईचं नाव हवं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या यात्रेचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेला आठवडाभर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतली एक पोरगी, डोक्यावर काउबॉय हॅट, हॅटवर चमचमता मुकुट, हातात झेंडा आणि खाली सुसाट पळणारा घोडा. नाव काय, तर 'रोडिओ क्वीन'. व्हिडिओ झकास आहे, त्यावर वाद नाही. वाद त्यावरून सुचलेल्या कल्पनेवर आहे. यात्रा कमिटीतल्या काही उत्साही मंडळींच्या डोक्यात आलंय की यंदा बैलगाडा शर्यतीला आपणही 'घाटाची राणी' निवडायची. नऊवारी, नथ, फेटा, घोडीवर एक चक्कर आणि मग स्टेजवर बसून बक्षीसवाटप. का, तर म्हणे महिलांना मान मिळेल.

हा 'मान' शब्द ऐकला की मला जरा धडकीच भरते. आपल्याकडे ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला मान देतात.

आधी त्या पोरीबद्दल बोलू, कारण तिची टिंगल करायला मी बसलेलो नाही. रोडिओ हा गुरं राखणाऱ्या काउबॉयच्या कामातून निघालेला खेळ. उधळलेल्या घोड्यावर किंवा बैलावर आठ सेकंद टिकायचं, पळत्या वासराला दोराच्या फासात पकडायचं, असे प्रकार. तिथली क्वीन म्हणजे नुसती नटवलेली बाहुली नसते. 'मिस रोडिओ अमेरिका' ही स्पर्धा 1955 पासून चालू आहे. त्यात घोडेस्वारीची परीक्षा असते, घोड्याची निगा आणि खेळाचे नियम यावर प्रश्न विचारतात, भाषण करावं लागतं. निवड झाली की वर्षभर गावोगाव फिरायचं, शाळांत जायचं, मिरवणुकीत पुढं राहायचं, रिंगणात झेंडा घेऊन घोडा फेकायचा. मेहनत खरी आहे. आपल्या कमिटीतल्या किती जणांना त्या वेगात घोडा आवरेल, हे ज्यानं त्यानं मनाला विचारावं.

पण व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट दाखवली. त्या मुकुटाच्या आधी तिथं काय होतं?

तिथं बायका खेळत होत्या. पुरुषांसारख्याच उधळलेल्या घोड्यांवर. 1912 साली कॅनडातल्या कॅलगरी स्टॅम्पीडमध्ये फॅनी स्पेरी या बाईनं महिलांचं अजिंक्यपद घेतलं. ओरेगन राज्यातल्या पेंडलटन गावचा रोडिओ 1910 पासूनचा. तिथं मेबल स्ट्रिकलंड 1927 साली क्वीन झाली, आणि ती स्वतः नावाजलेली रोडिओपटू होती. म्हणजे खेळणारी आणि मुकुट घालणारी बाई एकच असू शकत होती.

मग 1929 साल आलं. त्याच पेंडलटनमध्ये बॉनी मॅक्कॅरोल घोड्यावरून पडली, जबर जखमी झाली आणि काही दिवसांनी वारली. रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधून बायकांना स्वार करायची तेव्हा पद्धत होती. स्वार टिकून राहते, पण पडताना पाय सुटत नाहीत. दोष त्या बांधलेल्या रिकिबीत होता का बाईत? पण बंद काय केलं, तर बायकांची स्वारी. पेंडलटननं महिलांचा तो प्रकारच काढून टाकला. त्याच वर्षी रोडिओवाल्यांची मोठी संघटना उभी राहिली, तिनंही बायकांच्या या स्वारीला आपल्या यादीत जागा दिली नाही. पुरुष त्याआधीही पडत होते, मरत होते, त्यानंतरही मेले. त्यांचा खेळ कुणी बंद केला नाही.

आणि 1931 साली टेक्सासमधल्या स्टॅमफर्ड गावात नवी टूम निघाली, 'स्पॉन्सर गर्ल'. आसपासच्या गावांनी, व्यापाऱ्यांनी आपापली एक तरुण मुलगी पाठवायची. ती घोड्यावर बसणार, पण गुण तिच्या पोशाखालाही आणि घोडा कसा दिसतो त्यालाही. खेळाला शोभा यावी म्हणून. एका हातानं खेळ काढून घेतला आणि दुसऱ्या हातानं शोभा दिली, मधे फक्त दोन वर्षं.

त्या बायका गप्प बसल्या नाहीत, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. 1948 साली टेक्सासच्या सॅन अँजेलो गावात 38 जणी एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. आम्हाला शोभेला बोलवू नका, खेळायला बोलवा, नियम नीट ठेवा आणि बक्षिसाचे पैसे द्या, एवढंच मागणं. आज पिंपांना वळसे घालत घोडा पळवायची जी 'बॅरल रेसिंग' जगभर बघतात, ती या बायकांनी उभी केली. तिथं निकाल घड्याळ देतं. पोशाख किती भारी होता, हे घड्याळाला कळत नाही.

आता आपल्या घाटात या.

आपल्याकडे 'घाटाचा राजा' कसा ठरतो? सेकंदावर. ज्याची बारी सगळ्यात कमी वेळात बसली तो राजा. मग बापाचं नाव, गावाचं नाव, घराणं, कशालाच तिथं किंमत नाही. हीच या खेळातली इमानदारी. मग राणी कशावर ठरणार? नाकाडोळ्यावर? का वर्गणी देणाऱ्याच्या पुतणीवर? राजा घड्याळावर आणि राणी चेहऱ्यावर, हा कुठला न्याय?

दुसरी गोष्ट. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. त्या साडेसात वर्षांत दावणीला उभ्या असलेल्या बैलांची वैरण कुणी केली? शेण कुणी काढलं? घरात दुधाची ओढ असताना बैलाचा खुराक कुणी चुकू दिला नाही? मोर्चात पुरुष होते, फोटोही त्यांचेच आले. गोठ्यात कोण होतं ते प्रत्येकानं आपल्या घरात बघावं.

आजही घाटात 'कुमारी अमुक-तमुक हिचा गाडा' असं पुकारतात. लेकीच्या नावानं गाडा पळवायची हौस आहे, चांगली गोष्ट आहे. पण इतकी वर्षं यात्रांच्या बातम्या करताना मी हेच बघितलंय की ती लेक मोठी झाली की घाटात दिसत नाही. नाव माईकवर आणि ती घरात, पाहुण्यांच्या स्वयंपाकाला. गाड्यापुढं घोडी पळवणाऱ्या मुलींच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. बातमी होते, कारण ती अजून नवलाई आहे.

काही जण म्हणतील, 'पत्रकार, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. पोरी खूश आहेत, तुमचं काय जातंय?' दादा, पोरींनी नटावं, घोडीवर बसावं, मिरवावं, माझी काही हरकत नाही. हरकत एवढीच की वर्षातून एकदा घाटाचं दार बाईला उघडणार आणि तेही फक्त स्टेजकडं नेणारं.

म्हणून कमिटीला जाहीर विनंती. राणीच्या मुकुटाला, स्टेजला, फोटोला जो खर्च धरलाय तो इकडं वळवा. यंदा टोकन देताना ज्या बाईच्या नावावर बैल आहेत तिचं नाव मालक म्हणून लिहा आणि माईकवर तेच पुकारा. ज्या मुलीला घोडी पळवता येते तिला नियम सगळ्यांसारखेच लावून बारीत उतरू द्या. आणि कमिटीत किमान दोन बायका घ्या, हळदीकुंकवाला नाही, हिशोबाला.

एवढं केलंत तर घाटाची राणी निवडायची गरज पडणार नाही. एखाद्या वर्षी घड्याळच सांगेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, पण कारण देऊन लिहा. आणि कमिटीतल्या ज्या अण्णांनी, भाऊंनी ही कल्पना काढलीय त्यांनी उत्तर द्यायच्या आधी एकदा घरच्या गोठ्यात जाऊन विचारून यावं.