न्यूट्रॉन किंचित जड आहे म्हणून

प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं वस्तुमान जवळजवळ सारखं, इलेक्ट्रॉनचं नगण्य. शाळेत पाठ केलेलं हे वाक्य गुण मिळवून देतं, अणुवस्तुमानांकाची गणितंही त्यावर सुटतात. मात्र त्यात जे झाकलं जातं ते अख्ख्या धड्यातलं सर्वांत मोलाचं आहे, आणि बहुतेक मुलांना ते कुणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पुस्तकात ही वस्तुमानं किलोग्रॅममध्ये असतात, दहाच्या उणे सत्ताविसाव्या घाताचं शेपूट लावून. अशा आकड्यांची तुलना करावी असं कुणाच्या मनातही येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या मापात सांगतात. त्याचं एकक दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एमईव्ही. या मापात इलेक्ट्रॉन ०.५११, प्रोटॉन ९३८.२७ आणि न्यूट्रॉन ९३९.५७. शेवटच्या दोघांतला फरक सुमारे १.३, म्हणजे जेमतेम ०.१४ टक्के. किलोभर साखरेत दीड ग्रॅम इकडेतिकडे झाली तर वाणी ढुंकूनही पाहणार नाही.

पण हा फरक इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या अडीच पट आहे! न्यूट्रॉनचं रूपांतर प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो यांत होतं, तेव्हा सगळ्यांचा खर्च भागून जवळपास ०.८ एमईव्ही शिल्लक राहतात. म्हणून मोकळा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटांच्या आतच संपतो. स्थिर अणुकेंद्रात तो टिकतो, कारण तिथे बंधनऊर्जेचा हिशेब मध्ये येतो. आता हाच फरक ०.५११ पेक्षा कमी असता तर? व्यवहार उलटा झाला असता. हायड्रोजनमधला प्रोटॉन स्वतःच्याच इलेक्ट्रॉनला गिळून न्यूट्रॉन झाला असता. मग पाणी कुठलं आणि सूर्याला आजचं इंधन तरी कुठलं! विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतही याच फरकाने वाटणी ठरवली. जड न्यूट्रॉन कमी उरले, साधारण सात प्रोटॉनांमागे एक, आणि तेही जवळपास सगळे हेलियमच्या केंद्रकांत गेले. त्यामुळे तेव्हाच्या साध्या पदार्थाचा वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम झाला. उरलेला जवळजवळ सगळा हायड्रोजन.

खरं तर प्रोटॉनच जड असायला हवा होता. त्याच्यावर विद्युतभार आहे आणि त्या भाराची ऊर्जा वस्तुमानात जमा होते. इथे या दोघांच्या आतले क्वार्क नावाचे कण आड येतात. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन. अप सुमारे २ एमईव्हीचा, डाउन ५ च्या जवळपास. डाउनचं जडपण विद्युतऊर्जेवर मात करतं. युरोपातल्या एका गटाने महासंगणकांवर मूळ समीकरणांतून हा फरक काढून २०१५ साली ‘सायन्स’मध्ये मांडला. १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला, त्यानंतर ८३ वर्षांनी. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची बेरीज ९-१० एमईव्हीच भरते. प्रोटॉनचं बाकीचं वस्तुमान क्वार्कांच्या हालचालीतून आणि त्यांना जखडणाऱ्या बलक्षेत्राच्या ऊर्जेतून येतं.

बाकीच्या कणांची यादी तर चक्रावून टाकते. म्यूऑन सगळ्या बाबतींत इलेक्ट्रॉनसारखा, फक्त २०७ पट जड. टॉप क्वार्क तर टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढा. तो १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये सापडला, आणि तिथल्या डी-झीरो प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही हलका. हेच आकडे का, याचं उत्तर आजही कुणाकडे नाही. ही उणीव मुलांपासून लपवण्यासारखी मुळीच नाही. याच प्रश्नाच्या ओढीने त्यांच्यातलं कुणी भौतिकशास्त्राकडे वळेल.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. किलोग्रॅमचे आकडे खुशाल ठेवा, पण शेजारी ०.५११, ९३८.२७ आणि ९३९.५७ हेही छापा. खाली एकच प्रश्न द्या : न्यूट्रॉनमधून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वजा केले तर काय उरतं? नवं पुस्तक यायला वेळ लागेल, म्हणून शिक्षकांनो, तुम्ही त्याची वाट पाहू नका. हा धडा शिकवाल त्या दिवशी हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि वजाबाकी मुलांना करू द्या.